खिडकीबाईंचा निळा

त्या संग्रहालयात सकाळी सगळ्यात आधी ऊन येतं. ते तिकीट काढत नाही आणि दारावरचा रखवालदारही त्याला अडवत नाही. दगडांच्या दालनातून ते मातीच्या भांड्यांवर जातं, भांड्यांवरून लाकडी जमिनीवर उतरतं आणि शाळेची पोरं यायच्या सुमाराला पक्ष्यांच्या दालनात पोचतं. त्याच्या मागोमाग एक बाई येतात. अंगाने किरकोळ, चालण्यात घाई अशी नाहीच, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत रंगाच्या बाटल्या हळूच एकमेकींवर आपटत असतात. मुलं त्यांना खिडकीबाई म्हणतात. मुलांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणायला लागली.

खिडकी म्हणजे काय, तर पोस्टकार्डाएवढा जाड पांढरा कागद आणि त्याच्या मधोमध कापलेलं, बोटाच्या पेराएवढं चौकोनी भोक. दालनात शिरल्या शिरल्या प्रत्येक मुलाच्या हातात असा एक कागद पडतो. तो पक्ष्याच्या कपाटाच्या काचेला टेकवायचा. मग भोकातून चोच दिसत नाही, डोळा दिसत नाही, पक्षीच दिसत नाही, फक्त रंगाचा एक तुकडा दिसतो. तो रंग थाळीत कालवायचा आणि भोकाच्या कडेकडेने कागदावर लावत जायचा. फिका झाला तर गडद करा, गडद झाला तर फिका करा. असं करता करता एक घटका अशी येते की भोक कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो हे कळेनासं होतं. भोक दिसतच नाही. बाईंच्या भाषेत, खिडकी बंद झाली.

मुलांना निळा रंग द्या म्हटलं की ती पेटीतली निळी वडी उचलतात आणि मोकळी होतात, असं बाईंचं म्हणणं. त्यांना निळा हा शब्द येतो, निळा दिसत नाही. खिडकीतून बघितल्यावर मात्र तोंडं वासतात. त्या निळ्यात हिरवा असतो, राखाडी असतो, कधी कधी चक्क गुलाबीही असतो. वादळासारखा आत घुसलेला वर्ग पाहता पाहता इतका चिडीचूप होतो की रखवालदार काही मोडलं तर नाही ना म्हणून डोकावून जातो.

या तासाला नियम एकच होता: दिसतं ते सांगायचं. प्रत्येकाने शेजाऱ्याची खिडकी बघायची आणि बंद झाली की नाही ते खरं खरं सांगायचं, मैत्री बाजूला ठेवून. शेवटी बाई स्वतः सगळ्यांसमोर एक खिडकी रंगवत. त्यांचा पक्षी ठरलेला, खंड्या. त्याच्या पाठीवरचा निळा. रंगवून झालं की कागद काचेला टेकवून त्या विचारत, बंद झाली का? मुलं म्हणत, झाली. मग तो कागद मुलांच्या निवडक कागदांबरोबर भिंतीवर लागे. त्या भिंतीवर आता इतके कागद झाले होते की मूळचा चुना शोधावा लागला असता.

हा नियम बाईंना त्यांच्या वडिलांकडून मिळाला होता, आणि फुकट मिळाला नव्हता. वडिलांच्या डोळ्यांवर त्या काळी शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली आणि दृष्टी गेली ती गेलीच. त्यानंतर ते दिवसभर घरातल्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत आणि शाळेतून आलेल्या लेकीला विचारत, बाहेर काय रंग आहे आज? एका पावसाळी दुपारी आभाळ नुसतं भांड्याच्या बुडासारखं झालेलं होतं. वडील खिन्न दिसले म्हणून लेकीने सांगितलं, आज छान निळं आहे. वडिलांनी खिडकीबाहेर हात काढून पावसाचे थेंब तळव्यावर घेतले. मग म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. माझ्याकडे आता तुझेच डोळे आहेत, दिसतं ते सांग." लेक परकरात तोंड खुपसून रडली आणि पुन्हा कधी त्यांना खोटा रंग सांगितला नाही.

पक्ष्यांच्या दालनाला लागून एक छोटी खोली आहे. कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग तिथे, दुसऱ्या बाईंच्या ताब्यात असे, आणि मग मुलं पक्ष्यांकडे येत. त्या भिंगबाई. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही. या दोघी नणंद-भावजय. संग्रहालयाच्या प्रमुखांनी शाळांसाठी कार्यक्रम सुरू करायचा ठरवला तेव्हा चित्रकलेचा एक दिवस आणि विज्ञानाचा वेगळा दिवस असा बेत होता. खिडकीबाईंनी प्रमुखांना स्पष्ट सांगितलं की वेगळे दिवस ठेवले तर आम्हा दोघींना दोनदा भांडत यावं लागेल, एकाच दिवशी ठेवा. कला आणि विज्ञान यांची सांगड घालण्याबद्दल जाणकार तासन् तास बोलू शकतात. इथे ती सांगड दोघींचं स्वयंपाकघर एकच असल्यामुळे जुळली.

भिंगबाईंच्या खोलीत टेबलावर भिंगं, एक विजेरी, साबणाचं पाणी आणि गळून पडलेली निळी पिसं असत. पक्षी पाळणाऱ्या एका ओळखीच्यांनी ती पिशवी भरून दिलेली. एक पीस घ्यायचं आणि छोट्या खलात चांगलं कुटायचं. कुटून झाल्यावर खलात तपकिरी भुगा उरतो. निळा कुठे गेला? मुलं खरोखर टेबलाखाली वाकून बघत. मग भिंगबाई साबणाचा फुगा काढत आणि विचारत, या फुग्याला रंग कुणी लावला? कुणीच नाही. तसंच या पिसाचं. त्यात निळा रंग भरलेलाच नाही. पिसाची आतली वीणच अशी बारीक आहे की उजेडातला निळा तेवढा ती परत पाठवते. वीण मोडली की निळा गेला. वीण जागेवर असली तर मात्र तो वर्षानुवर्षं जात नाही, उन्हानेही विटत नाही.

खिडकीबाईंचे यजमान, म्हणजे भिंगबाईंचा दादा, याच संग्रहालयात काचकाम करायचे. पक्ष्यांच्या कपाटांच्या काचा त्यांनी स्वतः कापून बसवलेल्या. लग्नानंतर त्यांच्यासाठी स्वेटर विणायचं बाईंच्या मनात आलं आणि रंग ठरेना. तेव्हा एक दिवस त्यांचा डबा घेऊन त्या दालनात आल्या. यजमान खंड्याच्या कपाटाला काच लावत होते. बाईंनी डब्याबरोबरच्या पुठ्ठ्याला कात्रीने भोक पाडलं, त्यातून खंड्याची पाठ बघितली आणि तिथेच बसून कडेने रंग लावला. ती पहिली खिडकी. ती घेऊन त्या लोकरीच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला सगळी फळी खाली काढायला लावली. दुकानदार मेटाकुटीला आला, पण लोकर मिळाली. स्वेटर अंगात घालून यजमान खंड्याच्या कपाटासमोर उभे राहिले तेव्हा नणंद म्हणाली होती, दादा, आता चोच तेवढी राहिली.

दादा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. स्वेटर नणंदेच्या अंगावर आला. कोपरांना रफू, गळ्याची वीण सैल, पण थंडी पडली की तिला दुसरं काही चालत नसे. आणि त्या स्वेटरवरून घरात रोज एक चकमक ठरलेली. त्याचा रंग उडाला होता. आधी थोडा मळकट वाटला, मग हिरवट, मग वाळलेल्या गवतासारखा. तू तो गरम पाण्यात घातलास, असं वहिनी म्हणायची. माझ्या नवऱ्याच्या मागे त्याची एक वस्तू राहिली होती, तिचाही तू चोथा केलास. नणंद म्हणायची, चुकलं बाई, आणि चहाचे कप उचलून आत जायची. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी कंबर कसून वाद घालणारी ही नणंद एवढ्या एका आरोपाला कधी उलटून बोलली नाही. तिला खरंच पश्चात्ताप झाला आहे असं समजून वहिनीने मनातल्या मनात तिला कितीदा माफही करून टाकलं होतं.

माणूस गेला की त्याच्या मागे रंगही हळूहळू जातो, असं बाईंना वाटायला लागलं होतं. त्याचं त्यांना फारसं दुःख होत नसे. जग मऊ झालं होतं. सकाळसुद्धा कलत्या दुपारसारखी पिवळी येई, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसत, समोरच्या इमारतींचे कोपरे विरघळत. त्या खिडकीशी बसून ते बघत राहत आणि जुनं काहीबाही आठवत राहत. वय झालं की दिसणं असंच होत असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. नणंदेने एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. त्यावर बाई उठून आत गेल्या आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. वडिलांची खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. नणंदेने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग खंड्यासुद्धा विटायला लागला. बाईंनी प्रमुखांच्या कानावर घातलं की दालनात ऊन फार येतं, पक्षी खराब होताहेत, पडदे लावा. प्रमुख आधी हो हो म्हणाले. बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं, दारात गाठलं, शेवटी त्यांच्या घरच्या माणसांसमोर गाठलं. प्रमुखांनी हात टेकले आणि पडदे लावले. आता सकाळचं ऊन पडद्यातून गाळून येऊ लागलं. दालन पाण्याखाली गेल्यासारखं दिसे, पक्षी त्यात तरंगल्यासारखे. बाईंना ते फार आवडलं. मुलांना मात्र रंग बघायला काचेवर नाक दाबावं लागे, आणि काचा पुसणाऱ्या माणसाने काही दिवस बाईंशी बोलणं सोडलं होतं.

त्या दिवशी नणंदेला ताप होता. अंथरुणातूनही ती म्हणत होती, आजचा वर्ग पुढे ढकल, मी नसताना घेऊ नकोस. बाईंना हसू आलं. एवढी वर्षं भिंतीपलीकडून तुझं व्याख्यान ऐकतेय, त्या म्हणाल्या, झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. नणंद उठून बसली. पुन्हा म्हणाली, वहिनी, नकोच घेऊस. तापात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून बाईंनी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि पिशवी खांद्याला लावली.

वर्ग लहान मुलांचा होता. पुढच्या रांगेत एक मुलगी होती, तिचा समोरचा दात पडलेला आणि त्या फटीत जिभेचं टोक सतत ये-जा करत असलेलं. बाईंनी आधी नणंदेचा अर्धा भाग उरकायचं ठरवलं. पीस कुटलं, तपकिरी भुगा दाखवला, मुलं टेबलाखाली शोधून आली, फुगा काढला. सगळं नणंदेच्याच शब्दांत, तिच्याच थाटात. वीण जागेवर असली तर हा निळा विटत नाही, उन्हानेही नाही, असंही त्या म्हणाल्या. म्हणता म्हणता आत कुठेतरी काहीतरी अडकलं, पण मुलं पक्ष्यांकडे धावली आणि ते तिथेच राहिलं.

खिडक्या वाटल्या, रंग कालवले. शेवटी बाई स्वतः बसल्या. आज मन लागलं होतं. हात स्वतःच्या लयीत चालत होता. थोडा निळा, थोडा हिरवा, चिमूटभर मातकट. कागद काचेला टेकवला तर भोक नाहीसं झालेलं. त्यांना आपलंच कौतुक वाटलं. वळून त्यांनी विचारलं, बंद झाली का?

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि थांबलं. बाईंना वाटलं, नीट दिसत नसेल, त्यांनी मुलांना जवळ बोलावलं. मुलं आली, बघितलं आणि एकमेकांकडे बघत उभी राहिली. दात पडलेली मुलगी कागदाच्या अगदी जवळ गेली.

"उघडी आहे," ती म्हणाली. "सताड उघडी आहे. तुमचा रंग हिरवा आहे आणि तो निळा आहे."

बाईंनी पुन्हा बघितलं. खिडकी बंद होती. त्यांनी मान तिरकी करून बघितलं, मागे सरकून बघितलं. बंद होती. पडद्यामुळे तसं दिसत असेल, त्या म्हणाल्या, ऊन लागून हा पक्षीही विटलाय ना, म्हणून तर पडदे लावलेत.

मुलीची जीभ फटीतून बाहेर आली आणि आत गेली. "पण मगाशी तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली, "उन्हाने विटत नाही म्हणून. मग कसा विटला?"

ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. बाईंनी मुलांच्या खिडक्या गोळा केल्या, वर्गशिक्षिकेचा निरोप घेतला आणि दालन रिकामं झाल्यावर खंड्यासमोरच्या बाकावर बसून राहिल्या. पक्षी विटला नव्हता. मग पक्ष्याच्या आणि त्यांच्या मध्ये जे काही होतं ते विटलं होतं. काच? ती तर यजमानांनी बसवलेली, स्वच्छ. काचेच्या अलीकडे फक्त त्या होत्या.

आणि आजची मुलं खरं बोलली. म्हणजे याआधीची सगळी मुलं खोटं बोलली होती. इतक्या शाळा, इतकी मुलं, सगळी एका सुरात झाली म्हणणारी. आणि ती सगळी त्यांच्याकडे यायच्या आधी शेजारच्या खोलीत बसून आली होती.

राग आला की बाई नणंदेला वन्सं म्हणत आणि अहोजाहो करत. हे नणंदेला पक्कं माहीत होतं. म्हणून पिशवी खुर्चीवर टाकून, "वन्सं, तुम्ही मुलांना काय सांगून ठेवता?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ती पांघरूण बाजूला करून सरळ बसली.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. सांगितलं की प्रत्येक वर्गाला ती हळूच सांगून ठेवते, बाईंनी विचारलं की बंद झाली म्हणा, त्यांच्या डोळ्यांना थोडा त्रास आहे. मुलं ऐकतात. मुलं मोठ्या माणसांपेक्षा चांगली असतात.

"पिसाचा भुगा करून दाखवता," बाई म्हणाल्या, "डोळ्यांनी बघा आणि मग बोला म्हणता, आणि त्याच पोरांना माझ्या तोंडावर खोटं बोलायला शिकवता. माझ्या तासाला एकच नियम होता, वन्सं. तो कुणाचा होता हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे." नणंदेचा आवाज तापाने बसला होता. "दादा गेला तेव्हा तू केस विंचरायचीसुद्धा नाहीस, वहिनी. फक्त वर्ग असला की उठायचीस. खिडकी बंद होत नाही हे तुला कळलं असतं तर तू वर्ग सोडला असतास. डॉक्टरचं नाव काढलं तर तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मी काय करायला हवं होतं ते तू सांग."

बाईंनी एवढंच सांगितलं की उद्यापासून मी जाणार नाही. आणि मग उभ्या उभ्याच त्या रडायला लागल्या. "मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "अर्धवट दिसतंय तेही जाईल. मी बाबांसारखी खुर्चीत बसेन आणि तुला विचारत राहीन, आज बाहेर काय रंग आहे."

नणंदेने हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही, पण तिच्यासाठी पेज करून आणली, आणि दोघींनी जेवणं उरकली.

दुसऱ्या दिवशी वर्ग नव्हता. तरी बाई संग्रहालयात गेल्या. भिंतीवरचं सामान काढून घ्यावं आणि प्रमुखांना सांगून मोकळं व्हावं, असं घरून ठरवून निघाल्या होत्या. रखवालदाराला सांगून त्यांनी दालनाचे पडदे बाजूला करवले. ऊन आलं. त्यांनी एक खिडकी खंड्याच्या काचेला टेकवली आणि तिच्यातून बराच वेळ बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं की शब्द विसरा, दिसतं ते बघा. आज प्रथमच त्यांनी स्वतःसाठी ते केलं. भोकात निळा नव्हता. कोऱ्या चहासारखं काहीतरी होतं, त्याच्या तळाशी एक काळपट हिरवा. इतके दिवस त्या निळा बघत नव्हत्या, निळा आठवत होत्या.

उन्हात बसून त्यांना वडील आठवले. खुर्चीतले, खिडकीकडे तोंड केलेले. ते रोज रंग विचारायचे. कंटाळा न करता, भीक मागितल्यासारखे विचारायचे. त्यांच्याकडून जे ओढून नेलं गेलं होतं, ते आपण भीतीपायी आपल्या हाताने टाकून देतो आहोत, आणि वर म्हणतो आहोत की जग मऊ झालंय. बाबांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते ते बाईंना अगदी त्यांच्या आवाजात ऐकू आलं. भीती तेवढीच राहिली. पण त्या उठल्या, भिंतीवरचा एकही कागद न काढता घरी आल्या आणि नणंदेला म्हणाल्या, तुमच्या त्या डॉक्टरांकडे कधी जायचं ते बघा, वन्सं. अजून वन्संच होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळे तपासून सांगितलं की आतलं भिंग पिकून पिवळं झालंय, त्यातून निळा आत पोचतच नाही. वडिलांच्या वेळची गोष्ट वेगळी होती, आता बहुतेक वेळा चांगलंच होतं, पण अगदी शंभर टक्के असं मी कुणालाच सांगत नाही. बाईंना त्यांचं हे शेवटचं वाक्य फार आवडलं. दिसतं ते सांगणारी बाई आहे, असं त्या नणंदेच्या कानात म्हणाल्या. आधी एकच डोळा करायचं ठरलं, उजवा. दुसऱ्याचं नंतर बघू.

आत नेताना नणंद दारापर्यंत हात धरून होती. तिला पुढे सोडेनात. बाईंनीही हात सोडला नाही, तेव्हा परिचारिकेने दोघींची बोटं एकेक करून सोडवली.

पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. खोली साधीच होती, एक पलंग, एक खुर्ची आणि मोठी खिडकी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू उघडा. बाईंनी आधी डोळा घट्ट मिटून घेतला. वडील, खुर्ची, पावसाळी आभाळ, सगळं एकदम दाटून आलं. मग त्यांनी डोळा उघडला.

भिंत पांढरी होती. इतकी पांढरी भिंत त्या विसरून गेल्या होत्या. चादर पांढरी. खिडकीत आभाळ, ते निळं, कुणी न सांगता निळं. त्यांनी डोळा फिरवला. खुर्चीत नणंद बसली होती, रात्रभर न झोपलेली, केस विस्कटलेले, ओठ दाबून धरलेले. तिच्या अंगावर स्वेटर होता.

तो निळा होता.

विटलेला नव्हता. मळलेला नव्हता. ज्या दिवशी दुकानदाराने वैतागून फळीवरून शेवटची लड काढली होती, त्या दिवशीचा निळा होता. यजमान तो घालून कपाटासमोर उभे राहिले होते, चोच तेवढी राहिली होती, तो निळा. बाईंनी उजव्या डोळ्यावर हात धरला आणि डाव्याने बघितलं. वाळलेलं गवत. हात काढला. निळा. पुन्हा एकदा केलं. मग हात मांडीवर ठेवला.

"अगं," त्या म्हणाल्या, "तू हा कधी गरम पाण्यात घातला होतास?"

नणंदेने मान हलवली. "कधीच नाही."

"मग इतकी वर्षं चुकलं बाई, चुकलं बाई काय म्हणत होतीस?"

नणंद खुर्चीतून उठून पलंगावर येऊन बसली आणि बाईंनी स्वेटरच्या बाहीत तोंड लपवलं. रडू नका, डोळ्याला पाणी लागू देऊ नका, असं डॉक्टरीणबाई दोनतीनदा म्हणाल्या, पण त्यांचंच म्हणणं कुणी ऐकत नव्हतं.

प्रत्येक शाळा वर्षातून दोनदा येते. तो वर्ग पुन्हा आला तेव्हा पक्ष्यांच्या दालनाचे पडदे काढलेले होते. प्रमुखांनी ते कुठे गेले हे विचारलं नाही आणि काचा पुसणारा माणूस बाईंना स्वतःहून नमस्कार करू लागला होता. त्या दिवशी खंड्याची सुट्टी होती. खिडक्या नणंदेच्या स्वेटरवर लावायच्या होत्या. भिंगबाई दालनाच्या मधोमध हात अंगाला चिकटवून, पेंढा भरलेल्या पक्ष्यासारख्या निश्चल उभ्या होत्या आणि मुलं चारी बाजूंनी त्यांच्या पोटाला, पाठीला, कोपराला कागद टेकवत होती. मधून मधून त्यांना गुदगुल्या होत होत्या. या लोकरीचा निळा पिसासारखा नाही, तो भरलेला आहे, तो विटू शकतो, असं त्या मान न हलवता शिकवत होत्या. उन्हाने विटतो, धुण्याने विटतो. याला कुणीतरी जपलंय म्हणून टिकलाय, असं खिडकीबाई मध्येच म्हणाल्या.

शेवटी खिडकीबाई बसल्या. डावा डोळा अजून जुनाच होता, तो मिटून त्यांनी उजव्याने रंगवलं. कागद स्वेटरच्या खांद्यापाशी टेकवला आणि विचारलं, बंद झाली का? भिंगबाईंनी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, तू नाही.

ती मुलगी पुढे आली. तिचा दात अर्धा उगवला होता. तिने कागद जवळून बघितला, लांबून बघितला, खालून बघितला.

"बंद," ती म्हणाली.

बाईंनी कागद हलवला नाही. "नक्की? की मला बरं वाटावं म्हणून?"

मुलीला ते मुळीच आवडलं नाही. "नियम तुमचाच आहे ना," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बाईंनी तो कागद भिंतीवर लावला, त्यांच्या जुन्या हिरव्या कागदांच्या शेजारी, आणि पुढच्या मुलाची खिडकी बघायला वळल्या.